मंगळावरची गाडी आणि रस्त्यावरची गर्दी



सन २०१२ चा पावसाळा तुमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात असेल. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांत त्या साली पावसाने ओढ दिली, आणि पुढचा उन्हाळा कित्येक गावांना टँकरच्या पाण्यावर काढावा लागला. त्या पावसाळ्यात ६ ऑगस्टला, सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, आपल्यातल्या कोणी आभाळाकडे पाहिले असेल तर ते ढगासाठीच. त्याच घटकेला पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात, मध्यरात्र उलटून दीड वाजला होता. तिथे टाइम्स स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. त्या चौकात शेकडो माणसे उभी होती आणि एका इमारतीवरच्या भल्यामोठ्या पडद्याकडे टक लावून पाहत होती.

पडद्यावर सिनेमा नव्हता. क्रिकेटचा सामनाही नव्हता. निळे सदरे घातलेली काही माणसे टेबलांपुढे बसली होती, एवढेच दिसत होते. बरे, तो पडदा मुका! आवाज हवा असेल त्याने आपल्या फोनवर इंटरनेटवरचा रेडिओ लावावा, अशी सोय केलेली होती. म्हणजे बघा, चित्र सर्वांना एक, पण शब्द ज्याच्या त्याच्या कानात. आणि मग एकाएकी पडद्यावरची ती निळ्या सदऱ्यातली माणसे उड्या मारू लागली, एकमेकांना मिठ्या मारून रडू लागली, आणि इकडे चौकात जयघोष उठला. पंढरीच्या वाटेवर कळस दिसला की दिंडीत उठतो, तसा. कशासाठी? तर मंगळ ग्रहावर एक गाडी सुखरूप उतरली होती म्हणून. गाडीत माणूस नव्हता. ती परत येणार नव्हती. तिच्यातून सोने-रुपे मिळायचे नव्हते. तरी ही माणसे झोप मोडून, अर्ध्या रात्री, परक्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून नाचली.

ही गर्दी कोठून आली, हे आज तुम्हांला सांगायचे आहे. गाडीचा इतिहास पुस्तकांत सापडतो. गर्दीचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही.

मंगळ आपल्याला नवा नाही. आठवड्यातला एक वार त्याचा, अंगारकी त्याची, आणि दुर्दैवाने कित्येक मुलींच्या लग्नात घातलेला खोडाही त्याचाच. आकाशात तो तांबूस दिसतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला अंगारक म्हटले. हे निरीक्षण अगदी खरे आहे. त्याच्या मातीत गंजलेले लोखंड आहे, त्याचा तो रंग. दर सव्वीस महिन्यांच्या सुमारास तो पृथ्वीजवळ येतो आणि ठळक दिसतो. सन १८७७ मध्ये तो असाच जवळ आला होता. त्या वेळी इटलीतल्या मिलान शहराच्या वेधशाळेत जिओव्हानी स्कियापारेल्ली नावाचे ज्योतिषी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. ज्योतिषी म्हणजे भविष्य सांगणारे नव्हेत, ग्रहगोलांचे अभ्यासक. त्यांना मंगळावर काही बारीक रेषा दिसल्या. त्यांनी आपल्या भाषेत त्यांना 'कानाली' म्हटले.

आता येथे गंमत आहे, आणि शिक्षकमंडळींनी ती जरूर ध्यानात ठेवावी. आपल्याकडे ओघळ वेगळा आणि पाट वेगळा. ओघळ पाण्याने आपोआप पडतो. पाट माणूस खणतो. इटालियन 'कानाली' हा शब्द ओघळालाही चालतो आणि पाटालाही. पण इंग्रजीत त्याचे भाषांतर झाले ते नेमके 'पाट' अशा अर्थाने. झाले! पाट आहेत म्हणजे पाट खणणारे असणार. खणणारे आहेत म्हणजे त्यांची गावे असणार. अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेल नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने तर १८९४ मध्ये ॲरिझोना प्रांतातल्या फ्लॅगस्टाफ गावी पदरच्या पैशाने वेधशाळा उभारली, आणि वर्षानुवर्षे मंगळावरच्या पाटांचे नकाशे काढले. त्याचे म्हणणे असे की मंगळ वाळत चालला आहे, आणि तिथले शहाणे लोक ध्रुवांवरचे बर्फ वितळवून ते पाणी पाटांनी कोरड्या मुलखात नेत आहेत. म्हणजे दुष्काळाशी झुंजणारी एक अख्खी शेतकरी दुनियाच त्याने वर बसवून दिली!

आपण त्याला हसू नये. तो लबाड नव्हता. डोळ्यांना जे अर्धवट दिसते ते मन पुरे करते, याचा तो बळी होता. सन १९०९ मध्ये अँतोनियादी या ज्योतिर्विदाने फ्रान्समधल्या अधिक मोठ्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्या सरळ रेषांचे तुटक ठिपके झाले. पण लोकांच्या मनातले पाट काही बुजले नाहीत.

ते किती पक्के बसले होते, याचा दाखला आमच्या रेडिओच्याच इतिहासात आहे. ऑगस्ट १९२४ मध्ये मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरवर आला. रेडिओ तेव्हा अगदी पोरवयात होता. डेव्हिड टॉड नावाच्या एका प्राध्यापकांनी असे मनावर घेतले की मंगळवासी आपल्याला बिनतारी संदेश पाठवतील, आणि आपण मात्र गाणीबजावणी चालू ठेवली तर तो ऐकू कसा येणार? म्हणून दर तासाला पाच मिनिटे रेडिओ केंद्रांनी गप्प राहावे, असा प्रयत्न झाला. अमेरिकेच्या आरमाराने आपल्या बिनतारी केंद्रांना कान उघडे ठेवायला सांगितले. सांकेतिक लिपी उलगडणारे तज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांनाही तयार ठेवले होते. मंगळाची भाषा आलीच, तर ती वाचणार कोण? पण मंगळाकडून काही आले नाही. पुढे ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरून स्वारी आल्याचे नाटक रेडिओवर केले, आणि लोक घाबरून पळत सुटले अशी बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी दिली. घाबरलेले काही होते हे खरे, पण ती घबराट वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवली, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. रेडिओ तेव्हा वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या फुगवण्याचे नवल वाटत नाही.

मग १९६५ साल उजाडले. 'मरिनर ४' नावाचे यान १५ जुलैच्या सुमारास मंगळाच्या जवळून गेले आणि जाता जाता त्याने एकवीस पुरी आणि एक अपुरी अशी छायाचित्रे घेतली. एकेक चित्र म्हणजे दोनशे ओळी, आणि प्रत्येक ओळीत दोनशे ठिपके. प्रत्येक ठिपका किती उजळ वा काळपट ते आकड्याने कळवायचे. हे आकडे इतक्या संथ येत की एका चित्राला आठ तासांहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे, तिथल्या इंजिनियरांना धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी डकवल्या, रंगीत खडू आणले, आणि अमुक आकड्याला अमुक रंग असे ठरवून हाताने चित्र भरायला बसले. आपल्या बायाबापड्या ठिपक्यांची रांगोळी काढतात, तसेच. माणसाने यंत्राकडून मिळवलेले दुसऱ्या ग्रहाचे ते पहिले चित्र हातानेच रंगवलेले आहे, आणि ते आजही चौकटीत जपून ठेवले आहे.

पण चित्रात दिसले काय? खड्डे. चंद्रावर आहेत तसे उल्कांचे खड्डे. पाट नाहीत, गावे नाहीत, शेती नाही. हवाही इतकी विरळ की तिथे पाणी उघड्यावर टिकायचे नाही. वर्तमानपत्रांनी 'मृत ग्रह' असे लिहून टाकले. जवळजवळ नव्वद वर्षे लोकांनी ज्या शेजाऱ्यांची वाट पाहिली, ते नव्हतेच, हे थोड्याच दिवसांत कळले. लोकांचा रस तेव्हा जो आटला, तो फार काळ आटलेलाच राहिला.

मधली कहाणी थोडक्यात सांगतो. २ डिसेंबर १९७१ रोजी रशियनांचे 'मार्स ३' यान मंगळावर उतरले. ते उतरलेही नीट. पण वीसएक सेकंद संदेश पाठवून जे गप्प झाले, ते कायमचे. त्याच्या पोटात एक लहानशी गाडी होती. चाकांची नव्हे, घसरपट्ट्यांवर पावले टाकणारी, आणि पंधरा मीटर तारेने यानाला बांधलेली. खुंट्याला बांधलेले वासरूच म्हणा. ती बाहेर पडलीच नाही. बाहेरच्या जगाला तिचा तपशीलही पुष्कळ वर्षांनी कळला. कारण अपयश झाकून ठेवायचे, अशी त्या राज्याची रीत होती. १९७६ मध्ये अमेरिकेची दोन 'व्हायकिंग' याने उतरली. त्यांनी माती उकरून जिवंतपणाचा शोध घेतला. पण ठाम 'होय' असे काही हाती आले नाही. ती याने जागची हलणारी नव्हती. त्यानंतर दोन दशके मंगळावर कोणाचेही यान नीट उतरले नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये तर 'मार्स ऑब्झर्व्हर' हे मोठे खर्चाचे यान पोहोचण्याच्या तीन दिवस आधी हरवले.

आणि आता खरी गोष्ट.

पैसे कमी झाले, तेव्हा नासा या अमेरिकन संस्थेने ठरवले की थोडक्यात आणि स्वस्तात काही करून पाहू. एक लहानसे यान आणि त्याच्या पोटात एक रोव्हर, म्हणजे फिरती गाडी. गाडीला सहा चाके, लांबी पासष्ट सेंटिमीटर, वजन साडेदहा किलो. शाळेतले दोन पाट जोडून ठेवले तर त्यावर ती मावेल. चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. गोगलगायीहून थोडी बरी. तिचे नाव ठेवण्यासाठी मुलांकडून निबंध मागवले. बारा वर्षांच्या एका मुलीने सोजर्नर ट्रुथ या बाईचे नाव सुचवले, आणि तेच ठरले. ही बाई दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क प्रांतात गुलाम म्हणून जन्मली. पुढे मोकळी होऊन गावोगाव पायी फिरली आणि गुलामगिरीविरुद्ध, बायांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. 'सोजर्नर' म्हणजे वाटसरू. अशी बाई आपल्याकडे झाली असती, तर सावित्रीबाईंच्या शेजारी तिची तसबीर लागली असती.

उतरायची रीतही गरिबाघरची. पॅराशूटने वेग कमी करायचा, आणि शेवटी यानाच्या चहूबाजूंनी हवेच्या पिशव्या फुगवून ते सरळ खाली टाकून द्यायचे! ४ जुलै १९९७, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, सुट्टीचा दिवस. पिशव्यांत गुंडाळलेले ते यान मंगळाच्या जमिनीवर पंधराएक वेळा चेंडूसारखे उसळले आणि थांबले. पॅसाडेनात हजारो लोक त्यासाठी मुद्दाम जमले होते. पहिल्याच दिवशी विघ्न आले. एक पिशवी नीट आकसेना, आणि गाडी व यान यांचे एकमेकांशी बोलणे तुटले. हे सगळे लपवून ठेवता आले असते. तसे केले नाही. इंजिनियर बायाबापे चिंतेने डोके खाजवताना दूरदर्शनवर दिसत होती. माझ्या मते लोक गाडीच्या प्रेमात पडले ते येथेच. पुढाऱ्याचे यश पाहायला माणूस येतो आणि जातो. पण शेजाऱ्याची गाडी चिखलात रुतली तर तो थांबतो आणि हात लावतो.

दुसऱ्या रात्री गाडी खाली उतरली, आणि तिची चाके मातीत उमटलेली सर्वांनी पाहिली. तिने आसपासचे दगड हुंगायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी त्या दगडांना मुलांच्या कार्टूनमधली नावे दिली होती. एक 'योगी' अस्वल, एक 'स्कूबी डू' कुत्रा. ही चित्रे नासा इंटरनेटवर टाकीत असे. इंटरनेट तेव्हा नवे होते. आपल्याकडे ते १५ ऑगस्ट १९९५ पासून लोकांना मिळू लागले, पण १९९७ मध्येही ते शहरातल्या मोजक्या घरांतच होते. तिकडे मात्र पहिल्या महिन्यात त्या पानांना पन्नास कोटींहून अधिक वेळा मागणी आली. तेवढा भार एका ठिकाणी पेलेना, म्हणून तीच पाने ठिकठिकाणी ठेवावी लागली. मंगळाचे चित्र शास्त्रज्ञाला मिळते त्याच दिवशी कारकुनाला, विद्यार्थ्याला, दुकानदारालाही मिळू लागले, हे इतिहासात प्रथमच घडले. त्या गाडीचे खेळणे बाजारात आले, तेही भराभर उठले.

सात दिवस चालावी म्हणून बनवलेली ती गाडी ८३ मंगळदिवस चालली. २७ सप्टेंबर १९९७ ला यानाचा शेवटचा शब्द आला. यानाचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर त्याच्याजवळ परत येऊन भोवती फिरत राहावे, अशी शिकवण त्या गाडीला दिलेली होती.

कौतुक डोक्यात जाते म्हणतात. १९९९ मध्ये नासाने एकामागून एक दोन याने गमावली. त्यांतले एक का गेले, हे गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगावेच. जोर मोजताना एका गटाने पौंडाचे माप वापरले आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून पुढचे गणित केले. एकाने शेरात सांगावे, दुसऱ्याने किलोत ऐकावे, तसे झाले. यान ठरल्यापेक्षा फार खाली गेले आणि नष्ट झाले. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुरुजी अर्धा गुण कापतात तेव्हा पोरे कुरकुरतात. त्यांना ही हकीकत ऐकवा.

जानेवारी २००४ मध्ये 'स्पिरिट' आणि 'अपॉर्च्युनिटी' या जुळ्या गाड्या उतरल्या. नव्वद दिवसांच्या बोलीवर गेलेली 'अपॉर्च्युनिटी' २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली आणि पंचेचाळीस किलोमीटर फिरली. ती गेल्याचे फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा जगभर माणसे हळहळली. 'बॅटरी संपत आली आहे, अंधार पडतो आहे' असे तिचे अखेरचे बोल म्हणून एक वाक्य तोंडोतोंडी झाले. गाडीने असे काही म्हटले नव्हते हो! तिने नेहमीप्रमाणे आकडे पाठवले होते. त्या आकड्यांचा अर्थ एका बातमीदाराने सांगितला, आणि लोकांनी तो गाडीच्याच तोंडी घातला. पाटांचे जे झाले तेच येथेही. मन राहिलेले पुरे करते.

आता पुन्हा २०१२ च्या त्या रात्रीकडे वळू. या गाडीचे नाव 'क्युरिऑसिटी', म्हणजे जिज्ञासा. हेही एका शाळकरी मुलीने सुचवलेले. वजन ८९९ किलो, लहान मोटारीएवढी. इतके वजन पिशव्यांत घालून आपटता येत नाही. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ. म्हणजे घर्षणाने यान तापेल इतकी हवा आहे, पण पॅराशूटवर सुखाने तरंगेल इतकी नाही. मग इंजिनियरांनी जी युक्ती काढली, ती ऐकून त्यांचे त्यांनाच हसू आले असेल. यान ताशी सुमारे एकवीस हजार किलोमीटर वेगाने हवेत शिरायचे. आधी ढालीने उष्णता झेलायची, मग पॅराशूट उघडायचे, मग पॅराशूटही सोडून द्यायचे. तेव्हा वरचा सांगाडा आठ अग्निबाणांच्या जोरावर हवेत जवळजवळ थांबल्यासारखा होणार, आणि तिथून तो दोरांनी गाडी खाली सोडणार. विहिरीत बादली सोडतात ना, तशी. चाके जमिनीला टेकली की दोर कापायचे, आणि सांगाड्याने दूर उडून जाऊन पडायचे. हे सगळे सात मिनिटांत, आणि पृथ्वीवरून कोणी हात न लावता.

हात लावणे शक्यच नव्हते. त्या दिवशी मंगळ पावणेपंचवीस कोटी किलोमीटर दूर होता. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या बिनतारी संदेशालाही इकडे यायला जवळजवळ चौदा मिनिटे लागत. आता हिशेब करा. उतरायला सात मिनिटे, बातमीला चौदा. 'यान हवेत शिरले' ही बातमी पॅसाडेनात आली, तेव्हा तिकडे गाडी उतरून किंवा फुटून सात मिनिटे होऊन गेलेली होती. जे घडून गेले आहे, त्यासाठी माणसे श्वास रोखून बसली होती. दूरगावी परीक्षेचा निकाल लागलेला असतो आणि पोस्टमन अजून वाटेवर असतो, तशी ती सात मिनिटे. निळ्या सदऱ्यातली माणसे शेंगदाणे खात होती. १९६४ मध्ये 'रेंजर' जातीची सहा याने फसल्यावर सातव्या वेळी कोणीतरी शेंगदाणे वाटले आणि ते यान यशस्वी झाले, तेव्हापासूनची ही प्रथा. आपल्याकडे नारळ फुटतो, तिकडे शेंगा फुटतात; विज्ञानाच्या मंदिरातही एवढे चालते. एका तरुण इंजिनियराने डोक्यावर मध्ये तुरा आणि बाजूला चांदण्या अशी केशरचना केली होती. बोबाक फिरदौसी त्याचे नाव. रात्रीत तो इतका प्रसिद्ध झाला की आठवड्याभराने अध्यक्ष ओबामांनी अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा त्याच्या केसांवरही थट्टा केली.

आणि मग उतरल्याची खात्री पटल्याची घोषणा झाली. दोनचार मिनिटांत पहिले चित्रही आले. धुळीने माखलेल्या काचेतून दिसणारे चाक आणि गाडीची स्वतःचीच सावली. चित्र म्हणून ते अगदी सामान्य. पण टाइम्स स्क्वेअरमधला तो जयघोष त्या सावलीसाठी होता.

तुम्ही म्हणाल, 'अहो, हे ठीक आहे. पण पोटाचे काय?' हा प्रश्न योग्य आहे, आणि तो तिकडेही विचारला गेला. खर्च अडीच अब्ज डॉलर. अमेरिकेच्या लोकसंख्येने भागले तर माणशी आठेक डॉलर. हा भागाकार सांगून काही जण प्रश्न मिटवतात. मला ते पटत नाही. असा भागाकार कोणत्याही उधळपट्टीचा करता येतो. पण ज्या पैशाने गाडी गेली, तो नसता गेला तर तो जालन्याच्या विहिरीत किंवा कोणा गरिबाच्या ताटात पडला असता, असेही मला वाटत नाही. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी खरे आहेत, आणि एकाला दुसऱ्याआड लपवणे बरे नाही.

आपल्यावरही ती पाळी लगेच आली. त्या रात्रीनंतर नवव्या दिवशी, १५ ऑगस्ट २०१२ ला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लाल किल्ल्यावरून भारताची मंगळमोहीम जाहीर केली. दुष्काळाच्या वर्षी हे कशाला, असे पुष्कळांनी विचारले. ४५० कोटी रुपयांत ते यान तयार झाले, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती फिरू लागले. ते उतरणारे यान नव्हते, फिरणारे होते. पण बंगळूरच्या त्या खोलीत साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बाया एकमेकींना मिठी मारताना दिसल्या, ते छायाचित्र जगभर गेले. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या एका नामांकित दैनिकाने व्यंगचित्र छापले. बड्या लोकांचा क्लब, आत सूटबूटवाले, आणि दारावर थाप मारणारा भारतीय शेतकरी, हातात गाईचे दावे. लोकांना राग आला, आणि त्या दैनिकाने माफीही मागितली. राग खरा होता. पण मला त्या चित्रात खटकले ते दाराचे. शेतकऱ्याने आणि गाईने लाजावे असे तिथे काही नव्हते. मागायला दार असावे, ही कल्पनाच चुकीची होती.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' उतरली, तेव्हा रोगाच्या साथीमुळे चौकात गर्दी नव्हती. लोक घरोघरी पडद्यापुढे होते, आणि 'उतरली' ही बातमी जगाला सांगणारा आवाज बंगळुरात जन्मलेल्या स्वाती मोहन यांचा होता, कपाळावर टिकली लावलेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात चीनची 'झुरोंग' गाडीही मंगळावर उतरली. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला आपले चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा शाळाशाळांतून मुले ते पाहत होती. चंद्र आजच्या हिशेबाने ग्रह नव्हे, उपग्रह. पण आपल्या नवग्रहांत तो बसतोच, तेव्हा तुमच्या मुलांनी ग्रहावर गाडी उतरताना पाहिली असे म्हणायला हरकत नाही.

मात्र 'क्युरिऑसिटी'ने पुढे काय पाहिले, ते सांगितल्याशिवाय उठता येत नाही. उतरल्यावर दोन महिनेही झाले नव्हते. गाडी काही शे मीटर गेली, आणि तिला जमिनीतून वर आलेला खडकाचा एक थर दिसला. काँक्रीटची फरशी उखडून तिरकी व्हावी तसा. त्यात गोटे होते. वाळूच्या कणापासून लिंबाएवढे, आणि कडा घासून गोल झालेले. वाऱ्याने एवढे मोठे दगड वाहत नाहीत आणि असे गोल होत नाहीत. ते काम पाण्याचे. गोट्यांच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी हिशेब केला, आणि २७ सप्टेंबर २०१२ रोजी जाहीर केले की येथे तीन अब्ज वर्षांहून पूर्वी एक ओढा वाहत होता. पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत असावे. पुढे गाडीने जवळच्याच एका खडकाला भोक पाडून त्याचे पीठ तपासले. मार्च २०१३ मध्ये, आपल्याकडे जालन्याला टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागल्या होत्या त्याच महिन्यात, मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञांनी सांगितले की येथले पाणी आंबट नव्हते, फार खारटही नव्हते. माणूस तिथे असता तर त्याने ते प्यायले असते.

लोवेलचे पाट खोटे ठरले होते. ओघळ मात्र खरे निघाले.

गुरुजनहो, या आठवड्यात मुलांना गावच्या ओढ्यावर न्या. एक धारदार दगड डोंगराच्या पायथ्याशी वेचायला सांगा आणि एक गुळगुळीत गोटा ओढ्याच्या पात्रात. दोन्ही हातात धरायला द्या, आणि मग विचारा की यातला लांबून आलेला कोणता, आणि तो कोणी आणला.